‘अवतार’चं पाणी बघून डोळे दिपले, पण रात्री आठवला ‘बीस साल बाद’. असं का व्हावं?

केबिनवाला

नमस्कार मंडळी.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. १९८४ साली मदतनीस म्हणून केबिनमध्ये शिरलो तेव्हा मशीनला कार्बन होता, म्हणजे कार्बनच्या जळत्या कांड्यांचा उजेड. मग झेनॉनचा दिवा आला. २०११ साली आमच्याकडे रिळं यायची थांबली आणि मी केबिनची किल्ली मालकांच्या हातात दिली. हे आधी सांगून टाकतो, कारण माझा प्रश्न सिनेमाचा आहे तसाच उजेडाचाही आहे.

गेल्या रविवारी मुलीनं मला पुण्यात ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’ दाखवला. थ्रीडी, ३ तास १२ मिनिटं. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. नायकाची पोरं पहिल्यांदा समुद्रात डोकं घालतात तेव्हा पाणी आपल्या नाकापर्यंत आल्यासारखं वाटतं. वरून येणारा उजेड पाण्यात मोडतो, वाळूवर त्याची जाळी हलते, अंगावर हलते. आयुष्यभर उजेड सांभाळलेल्या माणसाला तो इतका नीट हाताळलेला दिसला की भरून येतं. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मनात फक्त आदर आहे.

पण गोष्ट आतपर्यंत पोचली नाही. टुलकुन म्हणजे तिथला देवमासा, त्यातल्या एका आईची शिकार होते. पिल्लू बरोबर आहे म्हणून ती मागं पडते, आणि एवढ्या मोठ्या जिवातून शेवटी काय काढतात, तर बाटलीभर रस. मुलगी चष्मा वर करून डोळे पुसत होती. मला कळत होतं की इथं रडू यायला पाहिजे. आलं नाही. पहिल्या भागातला खलनायक नव्या शरीरात परत, पुन्हा तोच पाठलाग, पुन्हा जहाजावर मारामारी. पुढचं दृश्य काय असणार ते अर्धा मिनिट आधीच कळत होतं.

रात्री मुलीच्या घरी झोप लागेना. डोळे मिटले की ते निळं पाणी दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती ‘बीस साल बाद’मधली दलदल.

१९६२ चा सिनेमा. आमच्याकडे तो मॅटिनीला लागला तेव्हा मी नवखा होतो. प्रिंट घासून घासून पांढऱ्या रेघांनी भरलेली, पहिल्या रिळात जोडच जोड. तीनच्या खेळाला तीस-चाळीस माणसं. केबिनच्या खिडकीतून मला पडद्याबरोबर लोकांची डोकी पाठीमागून दिसायची, आणि सिनेमा चालतोय की नाही हे मी डोक्यांवरून ओळखायचो. मारामारीच्या सिनेमात डोकी हलतात. विनोदात एकमेकांकडे वळतात. ‘कहीं दीप जले कहीं दिल’ लागलं की सगळी डोकी थांबायची. शेंगा फोडायचा आवाजसुद्धा बंद. लताबाईंचा आवाज धुक्यातून यायचा, बाई दिसली न दिसली असं व्हायचं, आणि मी कार्बनच्या कांड्या पुढं सरकवायचं विसरायचो. पडदा पिवळा पडायला लागला की भानावर यायचो.

शुक्रवारीच मला त्यातलं रहस्य कळलं होतं. पुढच्या गुरुवारी, शेवटच्या खेळाला, मी तो सिनेमा सातव्या दिवशी बघत होतो. कुठल्या कटनंतर काय येतं ते पाठ होतं. तरी त्या गाण्याला मानेवर काटा आला. कळल्यावर भीती जायला पाहिजे ना? गेली नाही.

यावर मी माझ्यापुरतं एक कारण शोधलंय. रिळाच्या मशीनमध्ये एक शटर असतं, आम्ही त्याला पंखाच म्हणायचो. एक फ्रेम खाली ओढली जाताना तो उजेड अडवतो, आणि फ्रेम थांबलेली असताना आणखी एकदा अडवतो, म्हणजे लुकलुक जाणवत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, ४८ झपके. हिशेब केला तर निम्मा वेळ पडदा काळा असतो. अडीच तासांच्या सिनेमात सव्वा तास माणसं अंधारात बसलेली असतात आणि त्यांना पत्ता नसतो. त्या अंधारात प्रेक्षक स्वतःचं काहीतरी भरत असतो, अशी माझी समजूत आहे. डिजिटलमध्ये तो पंखा नाही. ‘अवतार’मध्ये तर काही दाखवायचं शिल्लकच ठेवलेलं नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्हाला ‘अवतार’ आतून लागला का? आणि कुठला गूढ सिनेमा तुमच्याजवळ वर्षानुवर्षं राहिलाय, आणि त्यातली नेमकी कुठली जागा? नुसती नावं देऊ नका, जागा सांगा.

रोटोकर

काका, मुंबईत व्हीएफएक्समध्ये कंपोझिटिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्राचे थर एकत्र जोडतो. ‘अवतार’ मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला तो लागला, म्हणून जरा बाजू मांडतो.

ते पाणी नुसतं कॉम्प्युटरमधलं नाही. नटांनी खरोखर मोठ्या टाकीत बुडून कामं केली आहेत. पाठीवर हवेची नळकांडी बांधली तर बुडबुडे येतात, आणि बुडबुडे आले की अंगावरच्या खुणा कॅमेऱ्यांना नीट सापडत नाहीत. म्हणून सगळे श्वास रोखायला शिकले. केट विन्स्लेटनं तालमीत ७ मिनिटांहून जास्त श्वास रोखला होता. वरचा उजेड पाण्यात घुसून गोंधळ करू नये म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर छोटे पांढरे गोळे पसरले होते. नट वर आला की गोळे बाजूला सारत डोकं काढणार. म्हणजे तुम्ही ज्या उजेडाचं कौतुक करताय तो शूटिंगच्या वेळी मुद्दाम अडवलेला होता. नंतर न्यूझीलंडमध्ये वेटा या व्हीएफएक्स कंपनीच्या लोकांनी किरण न् किरण परत घातला. आमच्या धंद्यात एका शॉटमधल्या ओल्या केसांवर आठवडे जातात. ती पोरगी पाण्याबाहेर येते आणि केस गालाला चिकटतात, तिथं मला रडू आलं. गोष्टीसाठी नाही, हातांसाठी आलं. ते रडूही खरंच आहे असं मी धरतो.

आता तुमचा पंखा. एकाच प्रोजेक्टरवर थ्रीडी चालतं तेव्हा तो डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं आलटून पालटून फेकतो. २४ फ्रेमचा सिनेमा असेल तर सेकंदाला १४४ वेळा. डाव्याचं चित्र पडद्यावर असताना चष्मा उजव्या डोळ्याला ते दिसू देत नाही. म्हणजे त्या रविवारी तुमच्या प्रत्येक डोळ्यासमोर निम्मा वेळ काळोखच होता. अंधार होता, काका. तरी सिनेमा लागला नाही, तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

आणखी एक. काही शॉटमध्ये हालचाल एकदम गुळगुळीत झाल्यासारखी वाटली का? ते भाग ४८ फ्रेमचे आहेत. बाकीच्या ठिकाणी तीच फ्रेम दोनदा दाखवून २४ चा भास ठेवलाय. चोवीसवर मुरलेल्या डोळ्याला तो बदल खुपतो. त्यात चष्मा उजेड खातो तो वेगळाच. जमलं तर टूडीत एकदा बघा, समुद्र कितीतरी उजळ दिसेल.

यारेकाठी

मेलबर्नहून लिहितेय. केबिनवाला, तुमचं पोस्ट सकाळी ट्राममध्ये वाचलं आणि दिवसभर डोक्यात राहिलं. पण अंधाराचं मला पटत नाही, कारण माझ्याजवळ राहिलेल्या सिनेमात अंधार जवळपास नाहीच.

‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’, १९७५, दिग्दर्शक पीटर वेअर. व्हॅलेंटाइन डे, १९००. मुलींच्या शाळेची सहल डोंगरावर जाते. पांढरे झगे, हातमोजे, केक, उन्हाची सुस्ती. दुपारी बाराला घड्याळं बंद पडतात. चार मुली खडकांमध्ये वर चढतात. त्यातली एक किंचाळत परत येते, बाकीच्या तिघी आणि एक शिक्षिका नाहीशा होतात. पुढं एक मुलगी सापडते, पण तिला काही आठवत नाही. उत्तर नाही. सिनेमा संपतो तरी उत्तर नाही.

तुम्ही जागा विचारलीत. वर गेल्यावर मुली खडकावर उन्हात झोपतात, मग उठतात आणि एकेक करून फटीत शिरतात. बूट-मोजे काढलेले. कुणी ओढत नाही, कुणी घाबरलेलं नाही. खाली उरलेली मुलगी हाका मारते आणि एकही मागं वळून बघत नाही. मागं पॅनपाइपचे सूर. बस, एवढंच. मी हे पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात विद्यार्थी असताना पाहिलं, आणि आजही कुणी हाक मारूनही वळलं नाही की माझ्या पोटात गोळा येतो.

उजेडाचं म्हणाल तर छायाचित्रकार रसेल बॉइडनं भिंगावर नवरीच्या ओढणीची जाळी लावली होती. त्यामुळे सगळं ऊन जरा दुधाळ, जुन्या फोटोसारखं दिसतं. सगळं लख्ख दिसतंय आणि तरी कशावर तरी पडदा आहे.

तो खडक इथून गाडीनं तासाभरावर आहे. दोनदा जाऊन आले. ज्वालामुखीच्या घट्ट रसाचे उभे सुळके आहेत, माणसांचे चेहरे भासावेत असे. शनिवारी तिथं पोरं-बाळं, सँडविच, सगळी जत्रा असते. पण दोन सुळक्यांच्या मधे शिरलं की पाच पावलांत खालचा आवाज बंद होतो. दुसऱ्या वेळी माझा मुलगा पुढं गेला होता. मी हाक मारली, त्यानं लगेच ‘ओ’ दिली, तरी मी त्याचा हात धरूनच खाली उतरले.

मूळ कादंबरी जोन लिंडसे यांची, १९६७ ची. तिचं शेवटचं प्रकरण छापताना गाळलं होतं, लेखिका गेल्यावर १९८७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात उत्तर आहे. मी वाचलं आणि आजही वाटतं की वाचायला नको होतं. तुम्ही सिनेमा बघा, ते प्रकरण शोधू नका.

शेवंती

यारेकाठी, ‘द इनोसंट्स’ (१९६१) पाहिला नसेल तर पाहा. तिथंही भर दिवसा तळ्याच्या पलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली बाई उभी दिसते. काहीच करत नाही, नुसती उभी.

माझी जागा मात्र कानाची आहे. ‘महल’, १९४९, ‘आयेगा आनेवाला’. सुरुवातीच्या ओळी लांबून येतात आणि हळूहळू जवळ. लताबाईंनी सांगितलं आहे की त्या ओळी त्यांनी माइकपासून दूर उभं राहून म्हणायला सुरुवात केली आणि गात गात माइककडे चालत आल्या. यंत्राची करामत नाही, पावलांची. आमच्या वडिलांकडे ती तबकडी होती. त्या वेळी तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. वडील दिवा मालवून ती लावायचे. आम्ही भावंडं दाराकडे बघत बसायचो, कारण आवाज तिकडूनच आत येतोय असं वाटायचं.

निळाई

मी मालवणात डायव्हिंग शिकवते. ‘अवतार’ बघायला कणकवलीला गेलो होतो, आमची सगळी गँग.

पाण्याखालचा उजेड बरोबर आहे, पण समुद्र फार स्वच्छ आहे. खोल जाताना सगळ्यात आधी लाल रंग जातो. दहा मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. आणि आमच्याकडे पाणी गढूळ असलं की समोरचं चार-पाच हातांपलीकडे दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात चांगलं दिसतं, तेव्हासुद्धा सिनेमासारखं कधीच नाही. समुद्राची भीती तिथंच आहे, जिथं निळं संपतं आणि पुढं काहीतरी असतं. पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाचा हात मी धरलेला असतो. मासे दिसले की पकड सैल होते, आणि खाली बघितलं आणि तळ दिसला नाही की घट्ट होते. सिनेमातल्या त्या पँडोराच्या समुद्रात मला तळ दिसत राहिला. म्हणून मजा भरपूर आली, धडधड झाली नाही.

काकांच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच.

जगबुडीकाठचा

इतके प्रतिसाद झाले आणि ‘तुंबाड’ अजून कुणी काढला नाही? मी खेड तालुक्यातला. तुंबाड हे खरं गाव आहे, जगबुडी नदीच्या काठी. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ते वाचकांना माहीत झालं आणि सिनेमानं नाव तिथूनच घेतलं. गोष्ट मात्र पेंडशांची नाही. राही अनिल बर्वे यांना तिचं बीज मिळालं ते मित्रानं नागझिऱ्याच्या जंगलात सांगितलेल्या नारायण धारपांच्या कथेतून. धारप वाचून ज्यांनी रात्री परसाकडे जायचं टाळलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

केबिनवाला, डोळे दिपवणारं आणि आतून लागणारं हे दोन वेगळे सिनेमे असतात असं तुमच्या बोलण्यात येतंय. ‘तुंबाड’ दोन्ही आहे. तो पाऊस बघा. खऱ्या पावसाळ्यांत थांबून थांबून केलेलं शूटिंग आहे ते, आणि आमच्याकडे आषाढात असाच उजेड असतो. राखाडी, सगळीकडून सारखा येणारा, सावली न पाडणारा. चिऱ्यावर शेवाळ, कौलांतून गळती, कपडे वाळत नाहीत. आईनं पोराला सांगितलेलं असतं की आजी उठली तर काय म्हणायचं. ‘सो जा, नहीं तो हस्तर आ जाएगा.’ हस्तर म्हणजे सिनेमातला शापित देव. आणि तो लहानगा एकटा, हातात कंदील, आणि ते वाक्य ऐन वेळी आठवत नाही. ही माझी जागा.

माझी आजी शेवटची दोन वर्षं माजघरात अंथरुणावर होती. संध्याकाळी तिला पेज भरवायचं काम माझं, मी नऊ वर्षांचा. मला तिच्यावर माया होती आणि मला तिची भीती वाटायची, दोन्ही एकाच वेळी, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो. पस्तीस वर्षांनी थिएटरात समोर तेच दिसलं. सिनेमा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन काळांत जातो, शेवटी ते लाल गर्भगृह वगैरे येतं, त्याचं लोक फार कौतुक करतात आणि ते आहेच तसं. पण माझ्यासाठी सिनेमा त्या पहिल्या भागातच आहे. एकच खंत आहे, ती माणसं मराठीत बोलायला हवी होती. ‘झोप, नाहीतर हस्तर येईल’ हे मी मनात म्हणून पाहिलं, जास्त भिववतं.

तेव्हा दिसण्यावर राग नको. ‘अवतार’मध्ये घर बदलतं, समुद्र येतो, पण त्या पोरांना घरातल्याच कुणाची भीती वाटत नाही. माझ्या मते कमी पडतं ते तिथं.

केबिनवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सांगितलेलं एकेक बघत होतो.

रोटोकर, चष्म्याचं वाचून मी दोन वेळा कागदावर मांडून बघितलं. तुमचं बरोबर आहे. माझी इतक्या वर्षांची समजूत त्यामुळे जागची हलली, आणि ती मी सोडतो. सांगलीत टूडी लागला होता, एकटा जाऊन बघून आलो. समुद्र खरंच उजळ. या वेळी गोष्ट माहीत होती म्हणून गोष्टीची वाट बघितली नाही, तुम्ही म्हणालात तसे हात बघत बसलो. टुलकुनची आई मरते तिथं या खेपेला घसा दाटला. पिल्लाचं नाही, तो रस काढणारा माणूस किती सराईतपणे काम करतो ते बघून. मारामारीबद्दल माझं मत तेच आहे.

निळाई, तळ दिसत राहिला, हे वाक्य मी मुलीला फोन करून वाचून दाखवलं. तिला मालवणला यायचंय. मी काठावर बसेन.

जगबुडीकाठचा, ‘तुंबाड’ मी आधी पाहिला होता, तेव्हा नजर सोन्याच्या मोहरांकडे होती. तुमचं वाचून पहिला भाग परत लावला. माझ्या आईचं शेवटचं आजारपण आठवलं. त्यावर इथं लिहवत नाही, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

शेवंती, ‘महल’ची प्रिंट माझ्या हातून एकदाच गेली, चार दिवसांसाठी. केबिनच्या स्पीकरवर आवाज फाटका यायचा, म्हणून त्या गाण्याला मी मदतनिसाला मशीनवर उभा करून खाली हॉलमध्ये जायचो, सगळ्यात मागच्या दाराशी. आवाज तिथं पडद्याकडून येत नव्हता, माझ्या पाठीमागून येत होता असं तेव्हा वाटलं होतं. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

आणि यारेकाठी. ‘पिकनिक’ मुलीच्या लॅपटॉपवर बघितला, मुद्दाम दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, म्हणजे तुमचं म्हणणं नीट पारखता येईल. मुली फटीत शिरतात तिथं मी लॅपटॉपचा आवाज कमी केला. आवाज कमी केल्यानं त्या थांबणार नव्हत्या, ते मला कळत होतं. सिनेमा संपल्यावर मुलगी कामावरून आली, मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, शेवटचं प्रकरण नेटवर मिळेल, शोधून देऊ का? फोन तिच्या हातातच होता.

मी नको म्हटलं. चहा टाकायला सांगितला.